बीटा चाचणीत पुढच्या आवृत्तीची वाट पाहताना
फोनच्या प्रणालीची पुढची बीटा आवृत्ती (अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती) कधी येणार याचे अंदाज बांधण्यापूर्वी फोनमधील बिल्ड क्रमांक (त्या आवृत्तीचा नेमका ओळख-क्रमांक) वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आपणास आग्रहाने सुचवेन. आयओएसच्या बीटा बिल्डच्या शेवटी सहसा छोटे इंग्रजी अक्षर असते. ते गळाले, की अंतिम आवृत्ती जवळ आली असे समजावे. अँड्रॉइडमध्ये ‘प्लॅटफॉर्म स्टेबिलिटी’ हा टप्पा, म्हणजे ॲप्सवर परिणाम करणारे बदल जेथे थांबतात तो, पाहावा. तारखांपेक्षा मला आपल्या डेटाची काळजी अधिक वाटते: बीटामधून मध्येच बाहेर पडून स्थिर आवृत्तीवर परतायचे झाल्यास सहसा फोनमधील सगळा डेटा पुसावा लागतो, आणि बीटावर घेतलेला आयफोनचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर चालेलच असे नाही, म्हणून बीटा घेण्याआधीच संगणकावर बॅकअप घेऊन तो आर्काइव्ह करून, म्हणजे नव्या बॅकअपने पुसला जाणार नाही असा, ठेवावा.