टोकियोला बदली झाली तर मुलांना जपानी शाळेत घालावं की भारतीय शाळेत?

प्रश्न: मिस्टरांची कंपनीतर्फे टोकियोला तीन वर्षांसाठी बदली होतेय, पुढे मुदत वाढूही शकते. एप्रिलमध्ये मुलगा दुसरीत आणि मुलगी आठवीत जाईल. आम्ही पूर्ण शाकाहारी, जपानी कुणालाच येत नाही. सरकारी जपानी शाळा, भारतीय शाळा की इंटरनॅशनल? दोघं एकाच शाळेत असावीत अशी इच्छा आहे.

उत्तर:

दोघं एकाच शाळेत हवीत, ही अट आधी बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत स्पष्ट आहे: मुलाला जपानी सरकारी प्राथमिक शाळेत घाला आणि मुलीला भारतीय शाळेत. बहीणभावांत भेदभाव होईल असं वाटू देऊ नका. सात वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलासमोर इथली शिक्षणपद्धती अगदी वेगवेगळे प्रश्न टाकते.

मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहते. माझा मुलगा इथल्याच सरकारी शाळेत शिकला आणि नवीन आलेल्या भारतीय पालकांबरोबर मी शाळेत दुभाषी म्हणून जाते. त्यामुळे दोन्ही वयांच्या मुलांचं पुढे काय होतं ते जवळून पाहिलंय.

इथे प्राथमिक सहा वर्षं, माध्यमिक तीन आणि उच्च माध्यमिक तीन. पहिली नऊ वर्षं सक्तीची आहेत. परदेशी मुलांना कायद्याने सक्ती नाही, पण पालकांनी मागितला तर सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. फी नाही, पाठ्यपुस्तकंही मोफत. वर्ष आपल्या सीबीएसई शाळांसारखंच एप्रिल ते मार्च, त्यामुळे तुमचा मुहूर्त उत्तम आहे. वर्ग वयावर ठरतो आणि या नऊ वर्षांत सहसा कुणाला नापास करत नाहीत, म्हणजे भाषा येत नाही म्हणून मुलाला खालच्या वर्गात बसवतील ही भीती बहुतेक ठिकाणी नको.

प्रवेशाचं काम वॉर्ड ऑफिसात होतं. नवीन घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवावाच लागतो. त्याच दिवशी तिथल्या शिक्षण विभागात जाऊन मुलाला शाळेत घालायचंय म्हणून सांगा. तुमच्या पत्त्यावरून शाळा ठरते, ती बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिथे 'जपानी भाषेसाठी वेगळी मदत मिळेल का, दुभाषी किती दिवस येईल' हे नक्की विचारा. बहुतेक वॉर्डांत सुरुवातीला काही तास मुलाला वर्गाबाहेर काढून जपानी शिकवतात, पण ही सोय सगळीकडे सारखी नसते. निशी-कासाईच्या आसपास शाळांना भारतीय मुलांची सवय आहे. २०००च्या सुमारास आयटीवाले इथे येऊ लागले तेव्हापासून वस्ती वाढतच गेलीय.

पहिल्या महिन्यात दमछाक होते ती आईबापांची. शाळेत वेगळे बूट, जिम्नॅशियमसाठी आणखी वेगळे, एका बाजूला लाल आणि उलटवली की पांढरी टोपी, भूकंपात डोकं झाकायचं जाड कापडी शिरस्त्राण आणि या प्रत्येकावर नाव. गणिताच्या पेटीत मोजायला बारीक रंगीत चकत्या असतात. त्यातल्या एकेका चकतीवर नखाएवढं लेबल चिकटवावं लागतं. मी जेवणाच्या टेबलावर चिमटा घेऊन बसले होते. पाठीवरचं चामडी दप्तर नवं घ्यायची घाई करू नका. सहज पन्नास-साठ हजार येन लागतात, आणि ओळखीत कुणाचं तरी जुनं चांगल्या स्थितीत मिळतंच. साधी सॅकही बऱ्याच शाळांत चालते, फक्त आधी विचारून घ्या.

मुलाला मात्र तेवढं जड जात नाही. एक उदाहरण देते, कारण तुमचाही मुलगा दुसरीतच जाणार आहे. जपानमध्ये दुसरीत पाढे पाठ करतात, तेही फक्त नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंत. प्रत्येकाकडे एक कार्ड असतं: पाढा सरळ म्हणून दाखवला की एक शिक्का, उलटा म्हटला की दुसरा, मधूनच कुठूनही विचारल्यावर सांगता आला की तिसरा. आपल्या मुलांना पाढे येत असतात, फक्त जपानीत म्हणायचे असतात, आणि ते गाण्यासारखे असल्यामुळे चटकन जिभेवर बसतात. इतर काहीच कळत नसताना वर्गात मान मिळवायची ही पहिली जागा असते. माझ्या मुलाला मित्र मिळाले ते या कार्डामुळे. वर्गाची झाडलोट आणि जेवण वाढणं मुलंच करतात, त्यातूनही भाषा आपोआप येते.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी घरांचा सगळ्यात मोठा घोर तोच असतो. दुपारी सगळा वर्ग एकच जेवण जेवतो. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो, त्यात प्रत्येक पदार्थात काय घातलंय ते लिहिलेलं असतं. अडचण दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्या माशाची जास्त. साध्या भाजीच्या सूपातही सुक्या माशाचा अर्क असतो. ॲलर्जीसाठी शाळा डॉक्टरचं पत्र मागते आणि काटेकोर काळजी घेते. शाकाहाराबाबत मात्र मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावं लागतं. बहुतेक शाळा घरचा डबा आणू देतात. काही पालक भात, दूध, फळ शाळेचं आणि बाकी डबा अशी तडजोड करतात. पहिल्याच भेटीत 'मांस, मासे, अंडी आणि माशाचा अर्क चालत नाही' हे जपानीत लिहून न्या. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर सूप चालेल असं समोरच्याला प्रामाणिकपणे वाटतं.

इंग्रजीकडे तुम्हालाच लक्ष द्यावं लागेल. सरकारी शाळेत तिसरी-चौथीला थोडी गाणी-खेळ आणि पाचवीपासून विषय म्हणून इंग्रजी असतं, आपल्या मुलांसाठी ते फारच कमी आहे. तीन वर्षांनी परत जायचं असेल तर रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आणि मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं, ती इंटरनेटवर मोफत मिळतात. घरात मराठीच बोला. शिक्षकांना मदत म्हणून मोडकीतोडकी जपानी घरात आणू नका, मुलाची एक तरी भाषा भक्कम हवी.

आता मुलगी. इथे मी आग्रहाने बोलते आहे, कारण या वयाच्या मुलांचे हाल मी पाहिलेत.

आठवी म्हणजे जपानी माध्यमिकचं दुसरं वर्ष. एप्रिलमध्ये ती वर्गात बसली की उच्च माध्यमिकची प्रवेशपरीक्षा पुढच्या शैक्षणिक वर्षातल्या फेब्रुवारीत, म्हणजे बावीस महिन्यांवर. जपानी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि इंग्रजी, सगळं जपानीतून. टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांच्या मुख्य प्रवेशात लेखी परीक्षा आणि शाळेतलं प्रगतिपत्रक यांचं वजन ढोबळमानाने सात आणि तीन असं असतं. त्या प्रगतिपत्रकात संगीत, चित्रकला, खेळ, गृहशास्त्रसुद्धा मोजतात. प्राथमिकच्या सहा वर्षांत जपानी मुलं १,०२६ कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी चित्राक्षरं, शिकून आलेली असतात. तुमची मुलगी शून्यावरून सुरू करणार. बोलायची जपानी मुलं एक-दोन वर्षांत उचलतात, पण पाठ्यपुस्तक समजायची भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. ती मैत्रिणींशी छान गप्पा मारतेय म्हणून आईबाप निर्धास्त होतात आणि तिला इतिहासाच्या पानावर काय लिहिलंय ते कळत नसतं. भारतात वर्गात पहिली येणारी मुलगी इथे गप्प बसून राहिलेली मी पाहिलीय. तिच्या हुशारीत काही कमी नव्हतं.

परदेशी मुलांसाठी टोकियोच्या काही सरकारी उच्च माध्यमिक शाळांत राखीव जागा आहेत. जपानला येऊन साधारण तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा लागतो, आणि निबंध व मुलाखत जपानी किंवा इंग्रजीत देता येते. मार्ग खरा आहे, पण जागा मोजक्या आणि आत गेल्यावर शिक्षण बहुतांशी जपानीतूनच. कायम राहायचं ठरलं असेल आणि मुलीचीच इच्छा असेल तर जरूर विचार करा. तीन वर्षांच्या बदलीवर नको.

उलट भारतीय शाळेत तिची आठवी, नववी, दहावी बरोबर तीन वर्षांत होईल. कोतो वॉर्डातली इंडिया इंटरनॅशनल स्कूल २००४ पासून आहे, योकोहामालाही तिची शाखा आहे. ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६ पासून एदोगावात. दोन्हीकडे सीबीएसई आहे. दहावीचं प्रमाणपत्र हातात असलं की परत जाऊन पुण्यात किंवा कुठेही अकरावीला जाता येतं. मुदत वाढलीच तर बारावी इथेच, आणि मग जपानी विद्यापीठाचं दारही बंद होत नाही. वासेदा, सोफिया, रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक अशा विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी घेता येते. जपानीतून शिकायचं असेल तर परदेशी विद्यार्थ्यांसाठीची ईजेयू परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये होते. तोपर्यंत तिने शनिवार-रविवारी मनापासून जपानी शिकावं, दडपणाशिवाय शिकली तर गोडीही लागेल.

अमेरिकन-ब्रिटिश पद्धतीच्या इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला साधारण वीस ते तीस लाख येन. कंपनी भरत असेल तरच बोला. भारतीय शाळांची फी यापेक्षा बरीच कमी आहे. इंटरनॅशनल शाळांना जपानी कायद्यात नेहमीच्या शाळेचा दर्जा बहुधा नसतो, त्यामुळे तिथून मध्येच जपानी शाळेत वळताना अडचणी येऊ शकतात. भारतीय शाळांनाही हे लागू आहे, म्हणून मुलीबाबतचा निर्णय एकदा घेतला की तिच्या दहावीपर्यंत बदलू नका.

मुलाबाबत मात्र तो चौथीत जाण्यापूर्वी पुन्हा विचार करा. परत जायचं नक्की असेल तर शेवटचं वर्ष भारतीय शाळेत काढलेलं बरं. राहायचं ठरलं तर त्याला जपानी शाळेतच पुढे जाऊ द्या. आपल्याकडून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट या सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. इथल्या शाळांमध्ये परदेशी माणसाला जागा आहे याचा मला त्यात मोठा दिलासा वाटतो.

निघण्यापूर्वी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि लसीकरणाची कार्डं इंग्रजीत करून घ्या. भारतीय शाळांत वर्ग भरले की थांबावं लागतं, तेव्हा मुलीच्या जागेसाठी दोन्हीकडे आत्ताच ईमेल करा. कंपनी घर शोधून देणार असेल तर त्यांना आधी मुलीची शाळा सांगा आणि तिथून सोयीच्या ट्रेनलाइनवर घर मागा. मुलाची सरकारी शाळा त्या घराजवळ मिळेलच.