वाचकांचे प्रश्न : गाडी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याच्यावर

वाहतुकीचे नियम आणि दंड यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘दंड किती’ एवढेच विचारलेले आहे. दंडाची रक्कम भरून माणूस मोकळा होतो, ही समजूत 2019 च्या दुरुस्तीनंतर धोक्याची ठरली आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा असला, तरी या दुरुस्तीने दंड वाढवण्याबरोबरच लायसन्स, गाडीची नोंदणी आणि पालकांची जबाबदारी यांनाही हात घातला. वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून लागू झाले. निवडक पत्रांना उत्तरे देताना भर या मागून येणाऱ्या परिणामांवर ठेवला आहे.

प्रश्न : वडिलांनी त्यांची मोटारसायकल ओळखीच्या एका गृहस्थांना विकली. पैसे मिळाले, स्टॅम्पपेपरवर करारही झाला. मात्र सिग्नल तोडल्याची आणि ट्रिपल सीटची चलाने अजूनही वडिलांच्याच मोबाइलवर येतात. ती आम्ही का भरावीत? (एक वाचक, सातारा)

कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, चालवणाऱ्याची ओळख पटत नाही, त्यामुळे आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे त्याच्याच मोबाइलवर चलान जाते. तुमच्या वडिलांनी गाडी विकली हे त्यांना, घेणाऱ्याला आणि स्टॅम्पपेपरवरच्या साक्षीदारांना माहीत आहे. आरटीओला ते कोणी कळवलेले दिसत नाही. कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत फॉर्म 29 भरून आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत फॉर्म 30 देऊन गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. प्रत्यक्षात विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो, घेणारा ‘बघतो, करून घेतो’ म्हणतो आणि ते कागद गाडीच्या डिकीत पडून राहतात.

चलान ही यातली लहान बाब आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी अपघातापूर्वी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरीही नोंदणी ज्याच्या नावावर होती तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. त्या मोटारसायकलने उद्या कोणाला उडवले आणि तिचा विमा संपलेला असला, तर लाखो रुपयांच्या भरपाईची नोटीस तुमच्या वडिलांच्या दारात येऊ शकते.

म्हणून वाट न पाहता फॉर्म 29, कराराची प्रत आणि पैसे मिळाल्याचा पुरावा आरटीओत देऊन पोच घ्यावी, आणि घेणाऱ्याला सोबत नेऊन हस्तांतर पूर्ण करावे. आधी थकलेल्या चलानांमुळे हे काम अडू शकते, हे लक्षात असू द्यावे. ज्या चलानांच्या छायाचित्रांत चालवणारा स्पष्ट दिसतो, त्यांच्याबाबत महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर कागद जोडून तक्रार नोंदवता येते. गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्यच आहे, तेव्हा ओळखीच्या माणसाचे नाव देताना संकोच बाळगू नये. पुढे कधी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी विकलीत, तर तो अधिकृत आहे का हे आधी पाहावे. एप्रिल 2023 पासून अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म 29-सी मधून ऑनलाइन देता येते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लासला जायला बस नाही, म्हणून स्कूटर देतो. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचे लायसन्स मिळते आणि इलेक्ट्रिक गाडीला तर लायसन्सच लागत नाही असे सांगतात, ते खरे का? (एक पालक, अहिल्यानगर)

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि या अर्ध्या सत्यावर विसंबून हजारो घरांतून मुलांच्या हाती किल्ल्या दिल्या जात आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर, पालकांच्या संमतीने, फक्त 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल चालवण्याचे लायसन्स मिळू शकते. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर साधारणपणे 100 सीसीच्या वरच्या असतात. त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हावीच लागतात. इलेक्ट्रिक गाड्यांपैकी मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत, अशी गाडी असेल आणि तिला केंद्रीय नियमांप्रमाणे तशी मान्यता असेल, तरच लायसन्स लागत नाही. एक सोपी खूण सांगतो. गाडीला आरटीओचा नंबर असेल तर ती मोटार वाहन आहे आणि तिला लायसन्स लागते, मग ती पेट्रोलवर चालो की बॅटरीवर. विक्रेत्याने वेगाची मर्यादा काढून दिलेली बिननंबरची गाडी या सवलतीतून बाहेर पडते.

आता परिणामांकडे वळू. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम 199-ए नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. इंजिनिअरिंग पूर्ण करून नोकरीला लागलेल्या मुलाला, सतराव्या वर्षीच्या एका चुकीमुळे, पुढची अनेक वर्षे स्वतःची गाडी चालवता येणार नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच वापरली, असे न्यायालय गृहीत धरून चालते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती हे पालकांनी सिद्ध करायचे असते, आणि तुम्ही तर स्वतः किल्ली देत आहात. मुलाकडे त्या वर्गाच्या गाडीचे लर्निंग लायसन्स असेल, तर पालकांना हे कलम लागत नाही. तुमच्या स्कूटरसाठी मात्र सतराव्या वर्षी ते मिळणारच नाही.

विम्याचेही तसेच आहे. बिनालायसन्स चालकाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीला समोरच्या जखमीची भरपाई देण्याचा आदेश झाला तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये कंपनीला देत आली आहेत. पुण्यात कल्याणीनगर येथे मे 2024 मध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा राज्यभर संताप व्यक्त झाला. गल्लीतल्या स्कूटरवरचा आपला मुलगा मात्र आपल्याला अजूनही वेगळा वाटतो. बस नाही ही तुमची अडचण खरी आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत सायकल किंवा चार पालकांनी मिळून ठरवलेली रिक्षा, हा त्यावरचा मार्ग आहे.

प्रश्न : मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे का? लहान मुलांचे काय? (एक वाचक, ठाणे)

होय. कलम 129 नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागते. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. हेल्मेट भारतीय मानक 4151 चे, आयएसआय खुणेचे आणि हनुवटीखाली पट्टा लावलेले हवे. कोपराला अडकवलेले किंवा पट्टा मोकळा सोडलेले हेल्मेट कायद्याच्या भाषेत घातलेलेच नाही. कायद्यात दंड 1,000 रुपये असून महाराष्ट्रात जागेवर मिटवायची रक्कम 500 रुपये ठेवलेली आहे, पण त्यासोबत तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे. डिलिव्हरीचे काम करणाऱ्यासाठी तीन महिने म्हणजे तीन महिन्यांची कमाई.

नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाच्या अंगाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. टाकीवर पुढे बसवलेले मूल अचानक ब्रेक लागताच थेट हँडलवर आदळते. हा पट्टा त्यासाठीच आहे.

प्रश्न : पोलिसांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि मोबाइलमधील कागदपत्रांचे फोटो चालत नाहीत असे सांगितले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नांदेड)

किल्ली काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कोणत्याही कलमात दिलेला नाही. गणवेशातील पोलिसाने सांगितल्यावर थांबणे आणि लायसन्स दाखवणे मात्र तुमच्यावर बंधनकारक आहे. फोटोंबाबत पोलिसांचे म्हणणे बरोबर आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमधील कागद मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत, गॅलरीतले फोटो नाहीत. लायसन्स जप्त केले तर पोच मागून घ्यावी. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण मात्र जागेवर पैसे भरून मिटत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास न्यायालयातच जावे लागते आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : महामार्गावर एक दुचाकीस्वार पडलेला दिसला. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून कोणी उचलायला तयार नव्हते. मदत करणाऱ्याला खरोखर संरक्षण आहे का? (एक वाचक, कराड)

आहे, आणि ते कायद्यातच लिहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि 2019 मध्ये कलम 134-ए आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही कमी-जास्त होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही, आणि तुम्ही जखमीचे नातेवाईक नसाल तर रुग्णालयाला तुमच्याकडे दाखल करण्याचा खर्च मागता येत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचे ठरवले, तर तुमच्या सोयीच्या ठिकाणी जबाब घेतला जावा अशी नियमांत तरतूद आहे.

2025 च्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला, योजनेत समाविष्ट रुग्णालयात, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची सोय आहे. तेव्हा पैशाची चिंता न करता 108 किंवा 112 वर फोन करावा, किलोमीटरचा दगड पाहून नेमके ठिकाण सांगावे, आणि मानेला दुखापत झाल्याची शंका असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये.