वाचकांचे प्रश्न : मूल्यमापन म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे

प्रश्न : माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिचा अमेरिकी नागरिक असलेला नवरा तिचा छळ करतो आणि ग्रीन कार्डाचा अर्ज मागे घेण्याची धमकी देतो. वकिलांनी तिला मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापन करून घेण्यास सांगितले आहे. तिला वेडी ठरवतील का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या १९९४ च्या महिला-हिंसाचारविरोधी कायद्यानुसार आपल्या बहिणीला ग्रीन कार्डाच्या दिशेने पहिले पाऊल म्हणून, नवऱ्याच्या नकळत, स्वतःच्या नावाने आय-३६० हा अर्ज करता येतो. त्यासाठी मानसशास्त्रज्ञाच्या मूल्यमापनाचा अहवाल सक्तीचा नसला, तरी मानसिक छळाचे वळ अंगावर उमटत नसल्याने तो मोलाचा पुरावा ठरतो. मुलाखत बहुधा दोन-तीन तास चालते. झोप, भूक, एकटेपणा यांविषयी विचारतात. ‘दाराची किल्ली वाजली की पोटात गोळा येतो’ असे एक साधे वाक्य ‘फार त्रास होतो’ यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. मात्र तिखटमीठ लावू नये, कारण काही चाचण्यांत अतिशयोक्ती ओळखण्याची सोयच असते, आणि अहवाल व तिचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र यांतील तारखा जुळल्या नाहीत तर अर्जावर शंका घेतली जाते. तिला मराठीतच मोकळे होता येत असेल, तर दुभाषी मागावा. नात्यातल्या कुणाला मात्र त्या खुर्चीत बसवू नये, मग ती व्यक्ती आपण स्वतः का असेना.