तो थांबतो, तू पोचतेस, तो निघतो

ताई,
मी 33 वर्षांची, नवरा 35चा. दोघांनी मिळून आमच्या पहिल्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. कल्पना माझीच. नोकऱ्या आणि घर यांतून एकमेकांसाठी वेळ उरत नाही, निदान पळताना तरी सोबत असू असं वाटलं होतं. झालं उलटंच. माझा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं, त्याचा सहा. तो पुढे जातो, कोपऱ्यावर थांबतो, मी पोचले की ‘चल चल, मस्त चाललंय’ म्हणतो आणि पुन्हा पुढे. गेल्या महिन्यात त्याच्या आग्रहानं मी एकदम 10वरून 14 किलोमीटरवर गेले. या रविवारी 11व्या किलोमीटरला रस्त्यातच रडू फुटलं, मग भांडण. तो म्हणतो, ‘मला वेळेचं काही नाही, हातात हात घालून रेषा ओलांडू.’ पण सारखा घड्याळ बघतो. तीन आठवडे माझी डावी नडगी दुखतेय, ते त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर वाटेल, कारणं शोधतेय. स्पर्धेला पाच आठवडे उरलेत. नाव काढून घेऊ? की त्याला सांगू, तू एकटा पळ?
– मागे राहिलेली

अगं,

आधी नडगीचं बोलू. नवऱ्याचं त्यानंतर.

पळायला लागलं की दम लवकर वाढतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडांना आणि स्नायूबंधांना महिने लागतात. त्यामुळे दीडदोन महिन्यांनी आपल्याला वाटतं, आता जमायला लागलं, आता वाढवू या. आणि नेमकी तेव्हाच नडगी नाहीतर गुडघा बोलायला लागतो. तू एका उडीत 10वरून 14वर गेलीस, तेही आपल्या वेगानं नाही, त्याला गाठायच्या वेगानं. पायानं तक्रार केली यात नवल नाही.

आज शांत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरव. दुखणं वीतभर पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर जरा सैलावत असेल, तर तो बहुधा अतिताण आहे, विश्रांतीनं उतरतो. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ उठत असेल, पळताना वाढतच जात असेल, किंवा नुसतं पडून असतानाही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरनं बघेपर्यंत अजिबात पळायचं नाही. पहिल्या प्रकारचं वाटलं तरी तीन आठवडे झालेत, दाखवून घे. एक माहीत असू दे: अशी चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर परत जा आणि एमआरआयबद्दल विचार.

आणि हे नवऱ्याला आजच सांग. मुद्दा मांडल्यासारखं नको, आहे तसं सांग: ‘तीन आठवडे पाय दुखतोय. तुला कारण वाटेल म्हणून बोलले नाही.’ यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ते त्याच्या कानावर गेलंच पाहिजे.

आता तुझ्या पत्रातलं ते कोपऱ्यावरचं चित्र. मी ते तीनदा वाचलं. तो पुढे जातो, थांबतो, श्वास खाली बसतो, घोटभर पाणी पितो. तू धापा टाकत पोचतेस आणि त्या क्षणी तो निघतो. म्हणजे दर खेपेला विश्रांती कोणाला मिळते? जो आधीच तुझ्यापेक्षा वेगवान आहे, त्याला. तुझा एक श्वासही खाली बसत नाही. अशा रीतीनं 11 किलोमीटर केल्यावर कोणालाही रडू येईल. तू कमकुवत आहेस म्हणून रडली नाहीस. त्या सबंध पळण्यात तुला थांबायला जागाच नव्हती.

त्याला हे कळलेलं नसणार. त्याच्या हिशेबानं तो तुझ्यासाठी थांबतोय, म्हणजे तो चांगलाच वागतोय. म्हणून ‘तू मला मागे टाकतोस’ असं म्हणू नकोस. तो म्हणेल, ‘मी तर थांबतो!’ आणि पुन्हा भांडण. त्यापेक्षा वर लिहिलंय ते चित्र त्याच्यासमोर ठेव. पळणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

मग सराव कसा करायचा? डॉक्टरनं पळायची परवानगी दिली की एक युक्ती करून बघा. अंतर ठरवूच नका, वेळ ठरवा. एकाच ठिकाणाहून दोघं निघा, आपापल्या वेगानं. 40 मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून त्यानं मागे वळायचं. तू तोवर साधारण 5.3 किलोमीटरवर असशील, तो 6.7च्या आसपास. परतताना दोघांचा वेग तसाच राहिला, तर 80 मिनिटांनी तुम्ही दोघं जवळपास एकाच वेळी निघाल्या जागी परत पोचता. तू 10 किलोमीटरच्या वर पळालेली, तो 13च्या वर, आणि कोणी कोणासाठी थांबलेलं नाही. शेवटच्या काही मिनिटांत मागून त्याच्या पावलांचा आवाज यायला लागतो. तो आवाज ऐकायला मला फार आवडतो. कोणीतरी आपल्या दिशेनं येतंय, एवढंच त्यात असतं.

आठवड्यातला एक दिवस मात्र खरोखर सोबत पळा, तुझ्या वेगानं. हा त्याचा त्याग समजायचं कारण नाही. त्यालाही सावकाश पळण्याची गरज आहे. नवशिके बहुतेक वेळा सगळेच दिवस जोरात पळतात आणि तिथेच दमतात. मोजमाप साधं आहे: पळता पळता पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुला सलग बोलता येत नसेल, तर तो तुझा सहज वेग नाही, आणखी हळू जा. त्या दिवशी त्यानं घड्याळ घरी ठेवावं आणि तुझ्या बरोबरीनं किंवा किंचित मागे राहावं. पुढे अर्धं पाऊलसुद्धा नाही. सोबतीचा माणूस अर्धं पाऊल पुढे असला की आपले पाय नकळत त्याला गाठायला बघतात, आणि किलोमीटरभरात वेग कुठल्या कुठे जातो. तोंडानं कितीही ‘हळू जाऊ या’ म्हटलं तरी.

चालण्याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, तरी मला शंका आहे की मध्ये चालायची तुला लाज वाटते. जेफ गॅलोवे हे 1972च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले धावपटू. मध्ये मध्ये ठरवून चालण्याची पद्धत त्यांनी असंख्य लोकांना शिकवली. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं. तुझा हिशेब करून पाहिला. साडेसातच्या वेगानं अजिबात न थांबता हाफ मॅरेथॉनचं 21.0975 किलोमीटर अंतर पळालीस तर 2 तास 38 मिनिटं. चार मिनिटं त्याच वेगानं पळून एक मिनिट झपझप चाललीस, तर सुमारे 2 तास 47 मिनिटं. फरक आठनऊ मिनिटांचा! त्या आठनऊ मिनिटांसाठी दुखऱ्या नडगीला न थांबता झिजवायचं? मी तर नाही म्हणेन. तुमच्या स्पर्धेची वेळमर्यादा किती आहे ते तेवढं बघून ठेव.

आता स्पर्धेचा दिवस. इथे मला माझं सांगावं लागेल.

माझी पहिली हाफ मॅरेथॉन मी नवऱ्याबरोबरच पळाले. नीट ठरवलं काहीच नव्हतं, ‘बघू, जमेल तसं’ एवढंच. 13व्या किलोमीटरला त्यानं विचारलं, ‘मी जाऊ का पुढे?’ मी म्हटलं, ‘जा.’ त्या ‘जा’चा अर्थ ‘नको जाऊस’ असा होता आणि तो त्याला कळायला हवा होता, असं मी पुढचे आठ किलोमीटर मनात घोकत राहिले. शेवटच्या वळणावर तो टाळ्या वाजवत उभा होता आणि मी त्याच्याकडे बघितलंही नाही. पदक गळ्यात घालून मुकाट्यानं घरी आलो. मागे वळून बघताना वाटतं, त्याची चूक नव्हती. त्यानं विचारलं होतं. पण दमलेल्या माणसाला असा प्रश्न विचारायचाच नसतो. ती वेळ ठरवण्याची नसते.

म्हणून तुम्ही आधीच ठरवा, घरी बसून, पोट भरलेलं असताना. मला दोनच वाटा प्रामाणिक दिसतात. एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या वेगानं सोबत. त्यात त्यानं स्वतःच्या वेळेवर मनापासून पाणी सोडलेलं असलं पाहिजे, घड्याळासकट. दुसरी, सुरुवातीच्या रेषेवर एकमेकांना शुभेच्छा आणि मग आपापली वाट. तो तुझ्या अर्धा तास आधी पोचेल, कोरडे कपडे अंगावर चढवेल आणि ठरलेल्या खुणेपाशी तुझी वाट बघेल. तो अर्धा तास कसा जाईल हे आधी बोललेलं असलं की कोणाला अपराधी वाटत नाही. ‘अर्ध्यापर्यंत सोबत, मग बघू’ ही तिसरी वाट कृपा करून घेऊ नका. मी तीच घेतली होती.

त्याला विचारताना ‘तू माझ्यासोबत पळशील का?’ असं विचारू नकोस, तो हो म्हणणारच. विचार, ‘तुला तुझी वेळ किती लागते हे बघायचंय का? खरं सांग, मला चालेल.’ आणि विचारण्याआधी, तुला खरंच चालेल का ते स्वतःशी नक्की कर. त्याचीही ही पहिलीच स्पर्धा आहे. घड्याळ बघतो म्हणजे त्याच्याही मनात काहीतरी आहे आणि ते असण्यात गैर नाही. मला आपली दुसरी वाट तुमच्यासाठी बरी वाटते. तुला सोबत हवी होती, तर ती आठवड्यातल्या त्या एका सावकाश सकाळी जास्त मिळेल. स्पर्धेच्या गर्दीत, एकानं पाय आवरत आणि दुसरीनं पाय ओढत, ती फारशी मिळत नाही.

नाव काढून घेऊ का, हा तुझा खरा प्रश्न. आज ठरवू नकोस. डॉक्टर चीर आहे म्हणाले, तर प्रश्नच मिटला, या वर्षी पळायचं नाही. त्या दिवशी तू त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला जा, किंवा जाऊ नकोस, तुला झेपेल ते कर. नुसता ताण असेल, तर आठवडाभर पळणं बंद. पोहणं किंवा सायकल डॉक्टरांना विचारून चालू ठेव, त्यानं दम टिकतो. मग 8 किलोमीटर करून बघ. पाय गप्प राहिला तर पुढच्या आठवड्यांत 12, आणि फार तर 15. सरावात 21 पूर्ण करावेच लागतात असं काही नाही, पहिलटकरांच्या पुष्कळ वेळापत्रकांत सर्वांत लांब पळणं 16च्या आसपासच असतं. शेवटचे दहाबारा दिवस अंतर उतरवत न्यायचं. त्या दिवसांत जास्त पळून काही कमावता येत नाही, गमावता मात्र येतं. पण 12 किलोमीटरला नडगी पुन्हा बोलली, तर हट्ट नको. काही स्पर्धांमध्ये नाव पुढच्या वर्षावर ढकलता येतं, आयोजकांना आताच विचारून ठेव, शेवटच्या आठवड्यात बहुधा ऐकत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. त्या दिवशी बूट नवे नकोत, खाणंही नवं नको. पायाच्या बोटांची नखं दोनतीन दिवस आधी काप. कपडा घासतो तिथे व्हॅसलीन लाव. पाणी तहानेप्रमाणे पी, भीतीपोटी दर थांब्यावर पेलेच्या पेले रिचवू नकोस, त्यानं रक्तातलं सोडियम उतरून माणूस आजारी पडतो.

रविवारच्या भांडणाबद्दल अजून तुम्ही बोललेला नसाल असं पत्रावरून वाटतं. नडगीपासून सुरुवात कर, बाकीचं त्यातून आपोआप निघेल. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळव. पायाचं ऐकल्यापासून जीव लागून राहिलाय.

– तुझी ताई