ग्राहक, ग्राही आणि पाण्यातला गिऱ्हा

प्रश्न असा : मधुमेहावरच्या एका लेखात ‘इन्सुलिन रिसेप्टर’ला, म्हणजे पेशीवरच्या इन्सुलिन धरणाऱ्या प्रथिनाला, ‘इन्सुलिन ग्राहक’ म्हटलंय. ग्राहक बरोबर, ग्राही, की स्वीकारक?

स्वीकारक आधी बाद. त्यात आलेलं निमूट पदरात घेण्याचा भाव आहे. ‘रिसेप्टर’च्या पोटातलं लॅटिन क्रियापद ‘कापेरे’ म्हणजे धरणं, पकडणं. आपला ‘ग्रह्’ धातू नेमका तेच सांगतो. ग्रहण, आग्रह, संग्रह सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. गजेंद्राचा पाय धरणारी मगर, तो ग्राह! आणि कोकणात पाण्यातून पाय ओढणारं भूत, गिऱ्हा, तोही माझ्या मते याच ग्राहाचा वंशज. त्याला ग्रहपीडेतल्या ‘ग्रहा’शी जोडणाऱ्यांना माझा एकच सवाल : ग्रह पाण्यात कधीपासून राहायला लागले?

ग्राहकाचं घरगुती रूप गिऱ्हाईक. संस्कृतातला पुल्लिंगी ग्राहक मराठीत येऊन ‘ते गिऱ्हाईक’ झाला, आणि भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय ते पिशवी उघडत नाही. पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर असाच चिकित्सक. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांचं. त्याच्याशी बरंच साम्य असलेलं आयजीएफ-१ नावाचं प्रथिन रक्तातच हिंडत असतं, पण इन्सुलिनचा रिसेप्टर त्याला फारच सैल धरतो. आकार, विद्युतभार, पाण्याला बुजणारे भाग असं सगळं एकाच वेळी जुळलं, तर अनेक दुबळे बंध मिळून पकड घट्ट होते. कुठे थोडं बिनसलं की पकड सुटते.

आता ते कुलूप-किल्ली प्रकरण. ‘इन्सुलिनची किल्ली पेशीचं दार उघडते’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९४ साली ती उपमा विकरांसाठी, म्हणजे एन्झाइमसाठी दिली होती. विकरांच्या बाबतीतही जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कॉशलंडने १९५८ मध्ये तिला धक्का दिला : सांगड बसताना विकरच आपला आकार बदलतं. इथे तर ‘किल्ली’सुद्धा वाकते. रिसेप्टरला बिलगताना इन्सुलिनच्या ३० वाल्या साखळीचं शेपूट बाजूला सरकतं. रिसेप्टरही रूप बदलतो, आणि त्याच्या आतल्या टोकापासून निरोपांची साखळी सुरू होते. मग स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत साखर आत नेणारी वेगळी प्रथिनं आतून पृष्ठभागावर येतात. साखरेचं दार ते, रिसेप्टर नव्हे. अशी वाकणारी किल्ली कुठल्या कुलूपवाल्याने पाहिली आहे?

हां, प्रश्न राहिलाच. ‘ग्राही’ लिहा. व्युत्पत्तीने ग्राहकही चुकीचा नाही, पण ‘इन्सुलिन ग्राहक’ वाचलं की डोळ्यांपुढे औषधाच्या दुकानासमोरची रांग येते.