गाडीला थंडी बाधत नाही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक निरोप वाचला. नवी घेतलेली ही जुनी गाडी हिवाळ्यात चालवायची की झाकून ठेवायची, असं विचारलंयस. ऑफिसातला एक म्हणतो, गाडी मार्चपर्यंत झाकून ठेव. दुसरा म्हणतो, गाडी चालवायला घेतलीस की पूजेला? दोघंही कॅलेंडर बघून बोलतायत. तू रस्ता बघ.

थंडीने गाडीचं फारसं काही बिघडत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. तुझी एमएक्स-५, म्हणजे माझ्दाची दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी, २००३ सालची, हिरोशिमाच्या कारखान्यातली. इंजिन साधं आणि दणकट. ऑइल वेळेवर बदललं असेल, बॅटरीत जीव असेल, तर शेफील्डच्या उणे चार-पाच अंशांना ते भीक घालत नाही. उलट थंड हवा दाट असते, त्यामुळे ते जरा खुशीतच असतं. गाडीला खातं ते मीठ.

रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान एक अंशाच्या आसपास उतरेल असा अंदाज आला की कौन्सिलचे मीठ फेकणारे ट्रक संध्याकाळीच बाहेर पडतात. बर्फ पडलेला नसतो, कदाचित पडणारही नसतो. रस्त्यावरची ओल गोठू नये म्हणून आधीच मीठ टाकून ठेवतात. त्यामुळे 'बर्फ असेल त्या दिवशी काढणार नाही' हा तुझा नियम काही कामाचा नाही. इथे बर्फ दिसतो मोजके दिवस आणि मीठ मुक्काम ठोकतं तीन-चार महिने.

इंग्लंडच्या रस्त्यांवरचं बरंचसं मीठ चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. १८४४ साली तिथे लोक कोळसा शोधायला गेले आणि मीठ हाती लागलं. त्यात चिकणमाती मिसळलेली असते, म्हणून ते तपकिरी दिसतं. चाकावरच्या कमानीत आतून बोट फिरवलंस की जी रवाळ तपकिरी माती लागते, ती निव्वळ माती समजू नकोस. गंमत अशी की त्याच खाणीत, जमिनीखाली दीडशे मीटरवर, या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद सांभाळून ठेवलेत. मिठाच्या पोटात कागद सुखरूप, कारण तिथली हवा कोरडी आहे. म्हणजे नुसतं मीठ बिचारं निरुपद्रवी. त्याला पाणी मिळालं की ते कामाला लागतं.

आणि पाणी मिळायला पाऊसच लागतो असं नाही. कोकणात आषाढ-श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. इथल्या हिवाळी रात्री बहुतेक त्याच्या वरच असतात. तू गाडी कोरड्या रस्त्यावरून आणलीस, कोरडी उभी केलीस, दार लावून झोपलीस, तरी पत्र्याच्या सांध्यांत रात्रभर खारं पाणी तयार होत राहतं.

माझं आयुष्य पोलादात गेलं, तेव्हा आणखी दोन ओळी सहन कर. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून एका जागचं लोखंड विरघळायचं आणि शेजारी गंज साठायचा हा खेळ साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने चालतो. शिवाय मीठ त्यात संपत नाही. धुऊन काढेपर्यंत तेच मीठ पुन्हा पुन्हा राबतं. आणि ऊब वाढली की वेगही वाढतो. कडक थंडीत, उणे दहाला, हे सगळं मंदावतं. चार-पाच अंश, भिजलेला रस्ता, खारट फवारा, म्हणजे आपल्या यॉर्कशरचा नेहमीचा जानेवारी, हा गंजाला सगळ्यात मानवतो. १९१३ साली याच शेफील्डात हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं पोलाद काढलं. पण मोटारीचा सांगाडा त्याचा करणं फारसं कोणाला परवडलं नाही.

आता तुझ्या गाडीबद्दल. या गाडीचं इंजिन मरत नाही, दाराखालचा पत्रा मरतो. दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो पोकळ पट्टा आहे, ज्याला इथे सिल म्हणतात, तो मागच्या टोकाकडून सडतो. कारण मिठाआधीचं आहे. कापडी टप जिथे सीटच्या मागे बॉडीला मिळतो तिथे एक पन्हळ आहे. टपावरचं पावसाचं पाणी त्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतं. नळीत पानं, धूळ, शेवाळ अडकलं की पाणी तुंबतं आणि सिलमध्ये नाहीतर सीटमागच्या कार्पेटखाली शिरतं. म्हणजे पत्रा आतून गोड्या पाण्याने भिजलेला आणि बाहेरून खाऱ्या. दोन्हीकडून मार.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. बाटलीने त्या पन्हळीत हळूहळू लिटरभर पाणी ओत आणि खाली वाकून बघ. मागच्या चाकाच्या पुढ्यात ते लगेच पडायला हवं, दोन्ही बाजूंना. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही तर नळी तुंबलीय. पडद्याची ती प्लास्टिक चढवलेली लवचीक स्प्रिंग मिळते, तिने हलक्या हाताने मोकळी कर. ताठ तार घालू नकोस, नळीलाच भोक पडेल आणि मग पाणी कायमचं आत.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो. सडलेला, किंवा पुटीने भरून वर रंग मारलेला, थपथप वाजतो. मागच्या चाकाच्या कमानीच्या काठावर रंगाखाली मुगाएवढा जरी फुगवटा दिसला तरी आत मामला त्याहून मोठा आहे असं धरून चाल. एमओटीला, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीत, सीटबेल्टच्या बोल्टपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झालेला सापडला तर गाडी नापास होते, आणि सिलचं मागचं टोक नेमकं त्या टापूत येतं.

तुझ्या पिढीच्या गाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे चासीच्या पुढच्या लांब्या दांड्या, इंजिनच्या दोन्ही अंगांच्या. तिथे मजबुतीसाठी पत्र्यावर पत्रा घातलाय आणि त्या दोहोंमध्ये ओल अडकते. बाहेरून गंज दिसेपर्यंत आतून बरंच गेलेलं असतं. तिथलं वेल्डिंग गल्लीतल्या कोणाचंही काम नाही. गाडी घेताना त्या दांड्या कोणी बघितल्या होत्या का, हे तू लिहिलं नाहीस. बघितल्या नसणार.

म्हणून माझा सल्ला थेट सांगतो. रोज ऑफिसला ही गाडी न्यायची नाही. सकाळी अंधारात, पुढच्या लॉरीचा खारट फवारा काचेवर घेत, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता रॉदरहॅम गाठायचं, यात तुला मजा काय? किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागते. रॉदरहॅमला ट्रामट्रेन जाते, तीत बस.

आणि पाच महिने कुलूपही लावायचं नाही. उभ्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, बॅटरी उतरते (तुझी डिकीत आहे, बॉनेटखाली शोधत बसू नकोस), टायर एका जागी चपटतात, रबरी सील सुकतात. हिवाळ्यात बाहेर काढायचे दिवस असतात, फक्त ते ओळखता यायला हवेत.

चांगला दिवस म्हणजे निळं आकाश नव्हे. इथेच सगळे फसतात. चार दिवस पाऊस नाही, लख्ख ऊन, रात्री दव गोठतंय, दिवसा रस्ता पांढुरका दिसतोय. तो पांढुरका रंग मिठाचा. फोटोला सुंदर आणि पत्र्याला वाईट. खरा चांगला दिवस येतो तो मीठ थांबल्यावर दोन-तीन दमदार पाऊस पडून गेल्यावर. रस्ता काळा दिसतो, कडेच्या गटारापाशी तपकिरी रवा उरलेला नसतो, आणि येत्या रात्रीचा अंदाज चार-पाच अंशांच्या खाली नसतो. असे दिवस फेब्रुवारीतही निघतात. त्या दिवशी टप उघड, काचा वर ठेव, हीटर पायांवर सोड आणि होप व्हॅलीत जा. स्नेक पासच्या घाटाच्या नादी लागू नकोस. पाचशे मीटरवरचा तो रस्ता खाली वसंत आला तरी वर मिठाने माखलेला असतो.

चुकून मीठ लागलंच तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी खालून धू. वरून चकचकीत करणं नंतर. बागेचा पाइप चालेल. चाकांच्या कमानी आतून, सिलची खालची कड, ब्रेकच्या पोलादी नळ्या, मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा. पाणी स्वच्छ उतरेपर्यंत. मग शक्य असेल तर मोकळ्या हवेत निथळू दे. ओली, खारट गाडी बंद, दमट, कोमट गॅरेजात लोटणं हे पावसात उभी करण्यापेक्षा वाईट. प्लास्टिकचं कव्हर तर नकोच.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन नुसतं सुरू करून बंद करण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच, आदराने ऐक आणि विसर. तेवढ्यात ऑइल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, आणि स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरीला परत मिळत नाही. चालवायची तर अर्धा तास नीट चालव, नाहीतर चार्जर लावून निवांत ठेव.

टायरांचं थोडक्यात. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, '३२१४' म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून खूष होऊ नकोस. दहा वर्षांचं रबर, टनभराची हलकी गाडी, मागच्या चाकांना ताकद, ओला गोलाकार चौक: एवढ्यावर गाडी गर्रकन फिरते. आणि इन्शुरन्सवाले या वयाच्या गाडीचं मागचं चाक कर्बला आपटलं तरी दुरुस्तीचा खर्च बघून तिला भंगारात काढतात. गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी मिळते का ते विचार. रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून टॅक्स वाचवायचा विचार लिहिलायस. मग फेब्रुवारीतल्या त्या चांगल्या दिवशी तुला गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. चार पैशांसाठी मला तो सौदा पटत नाही.

गंजरोधक मेण मारून घ्यायचंच, पण आत्ता नाही. पोकळ भागांत ते नळीने फवारतात आणि त्यासाठी पत्रा आतून कोरडा ठणठणीत लागतो. ऑगस्टमध्ये, उन्हाचे आठ-दहा दिवस झाल्यावर कर. गॅरेजवाला काळा, जाड डांबरी लेप मारून देतो म्हणाला तर नको म्हण. तो तडकतो, आत पाणी धरतो आणि वरून सगळं झकास दिसतं. यंदाचा हिवाळा मात्र हात राखून काढ.

गाडी विकत घेऊन तीन महिने झाले नाहीत आणि तू तिच्या म्हातारपणाची काळजी करतेयस, याचं मला बरं वाटलं. या गाड्या दहा लाखांवर बनल्या, पण इंग्लंडमध्ये शाबूत पत्र्याच्या दरवर्षी कमी होत चालल्यात. इंजिन, टप, सीटं, दिवे, सगळं मिळेल. पत्रा गेला की मात्र बदलता येत नाही, नुसती ठिगळं लावावी लागतात.

शनिवारी गाडी घेऊन ये. माझ्याकडे स्टँड आहेत, पुढून वर उचलून चासीच्या दांड्या बघू. अंगावर जुने कपडे घाल, आणि सीटमागचं कार्पेट आधीच उचलून ठेव, नाहीतर तासभर त्यातच जाईल. शुक्रवारी रात्री मीठ टाकलं तर ट्रामने ये. गाडी पुढच्या आठवड्यात बघू.

तुझा,
काका