झोपेत छातीवर बसणारं ते कोण?

“मध्येच जाग येते. डोळे उघडे असतात, खोली दिसत असते, पण हात हलत नाही, हाक मारता येत नाही. छातीवर कोणीतरी बसलेलं असतं. ताई, मला वेड लागतंय का?”

हा प्रश्न माझ्याकडे अनेकजण घेऊन येतात, पण सहसा पहिल्या भेटीत तोंडातून काढत नाहीत. अभ्यासाबद्दल बोलतात, नोकरीबद्दल बोलतात, आणि निघताना दारात चपला घालता घालता हे सांगतात. इतका संकोच, इतकी भीती त्यामागे असते. म्हणून एका मुलीची हकिकत जरा सविस्तर लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. मुलगी, तिची आई आणि आजी अशा तिघी आल्या होत्या. मुलगी पंचविशीच्या आतली, अलकापुरीतल्या एका ऑफिसात अमेरिकेतल्या कंपन्यांचे हिशेब सांभाळायची. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, पुढचा आठवडा संध्याकाळपासून उत्तररात्रीपर्यंत, मग पुन्हा दिवसाची. आईने बसल्या बसल्याच सांगितलं, “नाशिकचं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे. त्यांच्या कानावर जायच्या आत हे थांबायला हवं.” आजी म्हणाल्या, “अष्टमीची रात्र, केस मोकळे, अंगाला अत्तर, आणि दोन वाजता घरी. लागणारच काहीतरी.”

मुलगी काही बोलली नाही. तिने पर्समधून एक अडकित्ता काढून माझ्या टेबलावर ठेवला. जुना, जड, पात्याला गंज चढलेला. लोखंड उशाशी असलं की काही जवळ येत नाही म्हणून आजींनी तो तिच्या उशीखाली ठेवला होता. “हा असूनही येतं,” एवढंच ती म्हणाली.

आई आणि आजींना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मग ती बोलायला लागली.

नवरात्रात ऑफिस चालू होतं आणि गरबाही. वडोदऱ्यात नवरात्रात घरी बसणं कोणत्याच तरुण मुलीला जमत नाही, आणि बसावं असं मीही म्हणणार नाही. रात्री दोनला परत, तीनला अंथरुणाला पाठ, सातला उठून ऑफिस. अष्टमीला आल्यावर ती चणिया-चोळी बदलून तशीच उताणी पडली. पहाटे जाग आली. खिडकीतून उजेड येत होता, पंखा फिरताना दिसत होता, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आणि दाराशी कोणीतरी उभं होतं. चेहरा नव्हता, नुसती काळी आकृती. ती जवळ आली आणि छातीवर भार आला. मुलीने “आई” म्हणून जिवाच्या आकांताने हाक मारली. आई पलीकडे स्वयंपाकघरात होती, तिला काहीच ऐकू आलं नाही, कारण आवाज फुटलाच नव्हता. मग एकदम सगळं सुटलं. अंग घामाने भिजलेलं आणि छाती धडधडत होती.

त्यानंतर महिन्याभरात तसं पुन्हा पुन्हा झालं. एकदा तर ती उठली, दात घासले, डबा घेतला, जिना उतरली आणि मग खरी जाग आली. ती अंथरुणातच होती. “मग आता मी जागी आहे हे कशावरून?” असं तिने मला विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. रात्री भीती वाटायची म्हणून ती मोबाईलवर त्याबद्दल शोधत बसायची, समोर भुताखेतांचे व्हिडिओ यायचे, झोप आणखी लांबायची. आणि झोप जितकी तुटत होती तितकं ते जास्त येत होतं.

मी तिला बरेच प्रश्न विचारले. दिवसा कामाच्या मध्येच आवरता न येणारी झोप येते का? खदखदून हसताना गुडघे किंवा मान एकदम लुळी पडते का? झोपेत घोरतेस का, श्वास अडकल्यासारखा होतो असं कोणी सांगितलंय का? जीभ चावली जाणं, अंथरूण ओलं होणं, नंतर काहीच न आठवणं? जागेपणी, दिवसाढवळ्या, आवाज ऐकू येतात का? नवीन औषध सुरू आहे का? यातल्या कशालाही ‘हो’ असतं तर मी तिला आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. सगळ्याला ‘नाही’ होतं. घरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, त्यांनाही काही आढळलं नव्हतं.

मग मी तिला सांगितलं की याला निद्रापक्षाघात म्हणतात आणि ते वेड नाही. नुसतं नाव सांगून कोणाची भीती जात नाही, म्हणून आत काय घडतं तेही समजावलं. रात्रीची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटाकडे एक टप्पा येतो, त्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी हा टप्पा जगापुढे मांडला. त्याआधी असेरिन्स्कींनी आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्री जागवल्या होत्या. या टप्प्यात मेंदू जवळजवळ जागेपणासारखा चाललेला असतो, पण मेंदूच्या बुडातून हातापायांच्या स्नायूंना ढिलं ठेवण्याचा हुकूम सुटलेला असतो. तो नसता तर स्वप्नात पळणारा माणूस खरोखर पलंगावरून उडी मारून पळाला असता. फ्रान्समधले मिशेल झुवे यांनी हे मांजरांवर पाहिलं. हा हुकूम सोडणारा भाग निकामी केलेली मांजरं झोपेतच उठून नसलेल्या भक्ष्यावर झेप घ्यायची.

कधी कधी जाग येते पण आतली कडी निघायची राहते. मन जागं, अंग अजून झोपलेलं, आणि स्वप्न अर्धवट चालूच. निद्रापक्षाघात तो हाच. डोळे फिरतात, कारण डोळ्यांचे स्नायू ढिले पडत नाहीत. श्वासही चालू असतो, कारण श्वासपटलाचं काम थांबत नाही. मात्र फासळ्यांमधले स्नायू ढिले असतात. घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर तो येत नाही, आणि छातीवर ओझं असल्यासारखं वाटतं. भीतीचं केंद्र स्वप्नाच्या या टप्प्यात फार जोरात असतं. न हलणारं अंग, अडकलेला श्वास आणि ही भीती यांतून मेंदू दाराशी कोणीतरी उभं करतो. बहुतेक वेळा काही सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत ते आपोआप सुटतं. त्यात श्वास बंद पडत नाही.

“म्हणजे मला दिसलं ते खोटं?” तिने विचारलं. तुला दिसलं ते खरंच दिसलं, मी म्हटलं, फक्त ते दाराशी नव्हतं. हा फरक मी प्रत्येकाला सांगते, कारण “भास होतोय, दुर्लक्ष कर” असं म्हटलं की माणूस दुखावतो आणि पुढे काही सांगत नाही.

आई आणि आजींना आत बोलावून तेच साध्या शब्दांत पुन्हा सांगितलं. हे जगभर होतं हेही सांगितलं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक म्हणतात की म्हातारी येऊन छातीवर बसते. २०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात आयुष्यात कधीतरी हा अनुभव आलेली माणसं सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के निघाली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हिच्या बापाच्या वेळी मी बाळंतीण होते. रात्र रात्र तो झोपू द्यायचा नाही. तेव्हा मलाही यायचं. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती.” सुनेकडे बघत त्यांनी विचारलं, “मग ते हेच होतं का गं?”

हेच असणार, असं मी म्हटलं. झोप तुटणं हे याचं मोठं कारण, आणि घराण्यात तसा कलही थोडा असतो. नातीला मी दिलेल्या कोणत्याही माहितीपेक्षा आजीचं हे एक वाक्य अधिक उपयोगी पडलं असं माझं मत आहे. त्या वाक्यानंतर ती पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली.

तिला मी एक वही करायला सांगितली. किती वाजता पडले, किती वाजता उठले, दुपारी झोपले का, कुठल्या कुशीवर, आणि ‘ते’ आलं का. उपचारांत एवढं साधं काम दुसरं नसेल, पण लोक ते टाळतात. तिने नेटाने लिहिलं. शिफ्ट बदलण्याच्या दिवसांपाशी खुणा दाटलेल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक खुणांपुढे ‘उताणी’ लिहिलेलं होतं. दुपारच्या लांब झोपेनंतरही दोनदा आलं होतं. वहीचं ते पान तिने आईला दाखवलं आणि बाधेचा विषय घरात मागे पडला.

बाकीचं मग सोपं होतं. कुशीवर झोपायचं, पाठीशी उशी लावायची. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार सरकू द्यायची नाही. रात्रीच्या शिफ्टमध्ये मध्यरात्रीनंतर चहा नाही. ऑफिसात बोलून तिने आठवड्याऐवजी महिनाभर एकच शिफ्ट मागून घेतली. आजींचं झोपण्याआधीचं स्तोत्र चालू ठेवायला सांगितलं, त्याने मन शांत होतं आणि मोबाईल बाजूला पडतो. अडकित्ता तेवढा उशीखालून काढायला लावला, कारण झोपेत पातं मानेला लागलं असतं. आणि ते आलंच तर झटापट करायची नाही. ‘हे तेच, सुटेल’ असं मनात म्हणायचं, श्वास आपला आपण चालू द्यायचा, आणि लक्ष पायाच्या एका बोटावर नेऊन तेवढंच हलवायचा प्रयत्न करायचा.

काही महिन्यांनंतर ती आली ती वेगळीच गोष्ट घेऊन. एका पहाटे ते आलं, तिने झटापट केली नाही, आणि भार जाण्याऐवजी अंगच हलकं झालं. पुढच्या क्षणी ती गरब्याच्या मैदानात होती. दिवे लागलेले, ढोल वाजतोय, आणि माणूस एकही नाही. ‘हे स्वप्न आहे’ असं तिला स्वप्नातच कळलं. म्हणून तिने मनासारखी आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. “ताई, हे थांबलं नाही तरी चालेल का? मला आवडायला लागलंय.”

स्वप्नात असतानाच स्वप्न आहे हे कळणं खरं आहे, आणि ते प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्यासमोर झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून ‘मला कळतंय’ अशी खूण केली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही ते दाखवलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर झोपलेल्याला ‘आठ वजा सहा किती’ असं विचारलं, आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. मला स्वतःला हे वाचून फार आनंद झाला होता, आणि तो तिच्यापासून मी लपवला नाही.

पण ती आता रोज पहाटे चारचा गजर लावत होती. काही वेळ जागं राहून पुन्हा झोपलं की असं स्वप्न पडण्याची शक्यता वाढते, कारण स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते बरोबरही आहे. मात्र निद्रापक्षाघातही याच फटीतून येतो. वहीत खुणा पुन्हा दिसायला लागल्या होत्या, दाराशी उभं राहणारंही परत आलं होतं. मी मनाई केली नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री, पुरेशी झोप मिळणार असेल तरच, आणि शिफ्ट बदलण्याच्या आठवड्यात मुळीच नाही, एवढं ठरवलं. जागेपणीही खरं काय आणि भास काय याचा ज्यांना घोळ होतो, त्यांना मात्र मी या वाटेला जाऊ देत नाही. तिला ते ठरवणं जड गेलं. झोप सुधारली तशी ती स्वप्नंही विरळ झाली, आणि याचं तिला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मला खरं वाटलं, मी त्यावर समजूत घातली नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारच्याला मारणं, हे याच्या नेमकं उलट आहे. त्यात अंग ढिलं पडायचं तेव्हा पडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसात हे नव्याने सुरू झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावंच.

राहिलं स्थळ. आईचं म्हणणं होतं की सांगायचं नाही. मी त्यांना विचारलं, घोरणं लपवून कोणी लग्न करतं का? बाहेरून कोणी हात लावला, नावाने हाक मारली की हा जखडलेपणा पुष्कळदा लगेच सुटतो. म्हणजे ज्याच्या शेजारी झोपायचं त्याला माहीत असणं हाच यावरचा सगळ्यात सोपा उपाय. ‘बाधा’ म्हणून सांगू नका, काय होतं ते सांगा, आणि तिचं तिला सांगू द्या. आई लगेच तयार झाल्या नाहीत. आजींनीच त्यांना मनवलं.

मुलीने त्याला फोनवर सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, त्याच्या होस्टेलच्या खोलीत एका मित्राला असं व्हायचं, तेव्हा कोणालाच काही कळायचं नाही. मग विचारलं, “पण तू आवाजच करू शकत नसशील तर मला कळणार कसं?” हा प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली. श्वास जोरात चालतो, कधी घशातून बारीक कण्हल्यासारखं येतं, पापण्या हलतात, एवढं मी सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.